जिवंत मुलीवरचा विलाप

डुकराचं डोकं ताटात धड बसेना. रोस्पिता त्याला एका बाजूने टेकवी, की ते दुसऱ्या बाजूला कलंडे आणि थेट दाराकडे बघत बसे, जणू पाहुणे यायच्या आत पळ काढावा असं त्यालाही वाटत होतं. भावाला जेवायला बोलावलं की ताटातल्या डोक्याचं तोंड भावाकडेच हवं. ते चुकलं तर बालिगेतली माणसं पिढ्यानपिढ्या बोलतात. रोस्पिताच्या सासूच्या लग्नात शेपटीचा वाटा चुकून भलत्याच काकांना गेला होता. ते काका वारले, त्यांना शेपटी देणारा वारला, ज्यांना ती मिळायला हवी होती तेही वारले. भांडण मात्र अजून खणखणीत आहे.

"वहिनी, खाली थोडा भात लावा, म्हणजे हलणार नाही," चुलीपाशी बसलेली नान्तिना म्हणाली. नान्तिना म्हणजे रोस्पिताची नणंद.

"मला शिकवू नका, वन्सं. तुमच्या घरी ठेवलेलं डोकं पाहिलंय मी. बिचारं भिंतीकडे बघत होतं."

"समोर तुमचे भाऊ बसले होते ना. भिंतच बरी वाटली असेल त्याला."

एरवी अशा वाक्यावर रोस्पिताने चूल विझेपर्यंत उत्तरं दिली असती. आज तिने नुसता भात लावला. डोकं स्थिर झालं.

येत्या शनिवारी तिच्या लेकीचं, लामरियाचं लग्न होतं, आणि आज संध्याकाळी पाच वाजता तिच्या गायक मुलाचं, गाबेचं नवं गाणं सुटणार होतं. गाबेचं तोंड एव्हाना मेदान शहरापर्यंतच्या भिंतींवर चिकटलेलं होतं. लामरियाच्या वरातीत नवऱ्यापेक्षा नवरीच्या भावाला बघायला जास्त माणसं येणार, हे नवऱ्यानेही सोसलं होतं. पण हे गाणं वेगळं होतं. हे उलीबद्दल होतं. उली म्हणजे रोस्पिताच्या सख्ख्या भावाची, मांगातासची मुलगी. आमच्यात मामाची मुलगी पाळण्यातच अर्धी सून झालेली असते. उरलेली अर्धी व्हायला फक्त तिचा होकार लागतो. गेल्या नाताळात उलीने तोच दिला नाही. ही गोष्ट सगळ्या कुळाला माहीत होती, एक मांगातास सोडून. म्हणजे सांगितली त्यालाही होती. त्याने ती ऐकून घेतली नव्हती.

आता भर बाजारात त्याच्या लेकीचं रडगाणं वाजलं, आणि मांगातास रुसला, तर तो शनिवारी येणार नाही. नवरीचा मामा आला नाही तर पाद्री येऊन काय उपयोग? मामाने मांडवात उभं राहून भाचीच्या खांद्यावर उलोस, म्हणजे आशीर्वादाचा शेला, पांघरला नाही, तर चारशे माणसं जेवतात, हात धुतात आणि घरी जाऊन म्हणतात, मुलगी पळून गेली. लामरिया बिचारी मेदानला शिंप्याकडे होती आणि सकाळपासून फोन करकरून एकच विचारत होती, "मामांना सांगितलं का?"

रोस्पिताचा बेत साधा होता. आधी दादाला पोटभर खाऊ घालायचं, मग सांगायचं. भरल्या पोटी मांगातासने आजवर कुणाला शिवी दिली नव्हती.

"आई, मी काय नेऊ बाहेर?" गाबे आत आला. रात्रभर न झोपल्यासारखे डोळे.

"तू काही नेऊ नकोस. तू नुसता बस आणि गरीब दिस."

"मला तरी ऐकव रे ते गाणं," नान्तिना म्हणाली. "जग ऐकणार पाच वाजता, घरच्या आत्याने काय पाप केलंय?"

गाबेने तिच्या कानात ती इवलीशी बोंडं घातली. नान्तिनाने डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. सूर छान होता. शब्दही बरे होते. पोरगा तळ्याच्या काठावर उभा आहे, होडी निघून गेलीय, तो हाक मारतोय, 'मामाच्या लेकी, मामाच्या लेकी'. नान्तिनाला भाच्याचा अभिमान वाटला. मग वाद्यं एकदम थांबली, आणि त्या शांततेत एक म्हातारी बाई रडू लागली.

तो तिचाच आवाज होता.

तिने बोंडं अशी ओढून काढली की जणू कानात गोम शिरली. प्रेतापाशी बसून बायका जो विलाप गातात त्याला आमच्याकडे आंदुंग म्हणतात, आणि नान्तिनाइतका चांगला आंदुंग साऱ्या तळ्याकाठी कुणाला येत नव्हता. तिने रडायला सुरुवात केली की मेलेल्याच्या शत्रूंनाही हुंदके फुटत. एकदा तर म्हणे खुद्द सावकार रडला आणि घरी जाऊन त्याला पश्चात्ताप झाला. त्या विलापाचे शब्दसुद्धा वेगळे. त्यात हाताला हात म्हणत नाहीत, 'मागणारा' म्हणतात. डोळ्याला 'बघणारा', पायाला 'चालणारा'. लहानपणी हे शब्द खेळताना तोंडून निघाले तर आया तोंडावर चापट मारायच्या.

"हे कधी घेतलंस तू?"

"ईस्टरला आलो होतो ना तुमच्याकडे, आत्या. तुम्ही आतोबांवर गायलेला विलाप म्हणून दाखवलात."

नान्तिनाला आठवलं. पोरगं उंबऱ्यावर बसून नुसतं आवंढे गिळत होतं, रडू फुटत नव्हतं. म्हणाला, आत्या, आतोबांसाठी गायलात ते म्हणा ना. तिने म्हटलं. त्याला रडू फुटावं म्हणून म्हटलं, आणि फुटलंही. फोन तेव्हा चटईवर पालथा पडला होता. तो ऐकतोय हे तिला काय माहीत!

"गाढवा, हा मेलेल्या माणसावर गातात!"

"माहितीय, आत्या. म्हणूनच घातला. स्टुडिओत मी कितीदा गायलो, तो माणूस म्हणायचा दुःख येत नाही, दुःख येत नाही. तुमचा आवाज लावला आणि तो खुर्चीतून उठून बाहेर निघून गेला. परत आला तेव्हा नाक लाल होतं."

"आणि त्याच्या आधी नाव कुणाचं घेतलंस? मामाच्या लेकीचं! तिला हाक मारलीस आणि तिच्यावर विलाप सोडलास! जिवंत, धडधाकट पोरीवर!"

रोस्पिताच्या हातातला झारा कढईत पडला. पोर्क आमसुलासारखं काळं झालं तरी तिने तो काढला नाही. "थांबव ते," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता थांबव."

गाबेने जकार्ताला फोन लावला. पलीकडे कंपनीची एक बाई होती, फार गोड बोलत होती. गाणं आता कुणाच्याच हातात नाही म्हणाली, यंत्राला वेळ लावून दिलीय, पाच वाजले की ते आपोआप सगळीकडे पोचेल. आणि असली अंधश्रद्धा आजच्या काळात फार छान वाटते म्हणाली, मुलाखतीत जरूर सांगा.

"वन्सं," रोस्पिताचा आवाज एकदम बारीक झाला. आयुष्यभर तिने नणंदेकडे काही मागितलं नव्हतं. "काय करायचं?"

नान्तिनाने पदराने हात पुसले. "जेवण वाढायचं. माझा आवाज आहे तो, मी बघते. तुम्ही एकट्या नाही."

बाहेर हॉर्न वाजला. मांगातासचा हॉर्न जहाजाच्या भोंग्यासारखा होता. त्याने तो खरंच एका बुडालेल्या होडीवरून काढून आणला होता.

मांगातास आत आला तो हसत. डुकराचं डोकं त्याच्याकडे बघत होतं, त्याने डोक्याकडे बघून समाधानाने मान हलवली आणि चटईवर मांडी घातली. त्याच्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला उली. उलीने केस बांधले होते. गाबेकडे बघून तिने भुवई उडवली, जशी लहानपणी उडवायची, आणि गाबेने मान खाली घातली. मांगातासच्या नजरेतून ते सुटलं नाही. बघा, तो मनात म्हणाला, लाजतायत दोघं. नाही म्हणते म्हणे! त्याची स्वतःची बायकोही दोनदा नाही म्हणाली होती.

"मी काय केलंय माहितीय?" तो बहिणीला म्हणाला. "दुकानावर दोन भोंगे लावलेत. एक बाजाराच्या तोंडाला, एक धक्क्याकडे. चर्चच्या सगळ्या गायनमंडळाला सांगून ठेवलंय. पाच वाजता साऱ्या बालिगेने ऐकायचं, भाचा माझ्या पोरीला कसा हाक मारतो ते. मग बघू, ही कशी नाही म्हणते!"

रोस्पिताच्या हातातलं भाताचं भांडं तिरकं झालं. नान्तिनाने ते खालून धरलं.

"बाबा," उली म्हणाली.

"जेव तू. बोलू नकोस."

जामोसला, म्हणजे रोस्पिताच्या नवऱ्याला, स्वयंपाकघरातली सगळी बातमी कळली होती आणि त्याचा घास तोंडात फिरत होता. मेहुण्याला तोंडावर उत्तर देणं त्याला कधीच जमलं नव्हतं; बायकोच्या भावापुढे माणूस जन्मभर वाकलेलाच असतो. आणि मेहुण्याच्या बायकोशी तर थेट बोलायचंच नसतं, ती आमची रीत. घरात दोघं समोरासमोर आली की मध्ये काहीतरी लागतं. या घरात मध्ये एक खांब होता. इतक्या वर्षांत त्या खांबाला दोन्ही घरांची जितकी खबर झाली होती तितकी पाद्रीलाही नव्हती.

"खांबा," जामोस खाकरला, "वहिनींना विचार, डुकराचं सांकसांग तिखट नाही ना झालं?"

"खांबा," मामी म्हणाली, "त्यांना सांग, तिखट झालंय म्हणूनच तिसऱ्यांदा घेतेय. आंदालिमानची मिरी मात्र जपून घाला म्हणावं, जीभ आहे की नाही तेच कळेना."

मांगातास खदखदून हसला. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा वर चढत होता. रोस्पिता नान्तिनाकडे बघत होती, नान्तिनाने तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या बाईने शेकडो प्रेतांपुढे शब्द शोधले, तिला एका जिवंत माणसापुढे एक सापडेना. गाबे उठायला लागला. आईने त्याचा सदरा धरून खाली बसवला.

तेव्हा जामोसने पुन्हा खांबाकडे तोंड केलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"खांबा," तो म्हणाला, "वहिनींना सांग, की पोराच्या गाण्यात मध्येच आंदुंग आहे. आमच्या नान्तिनाच्या आवाजात. उलीला हाक मारल्यानंतर लगेच."

मामीच्या हातातलं हाड खाली पडलं.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

खांबाला नाही. जामोसला. सरळ त्याच्या डोळ्यांत बघून. दोन्ही घरांच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं, आणि ते ऐकून जामोस इतका घाबरला की त्याने उत्तर खांबालाच दिलं, "हो म्हणावं."

मांगातासचं हसू अजून चेहऱ्यावर होतं. ते काढायला तो विसरला होता. हात ताटात तसाच राहिला. रोस्पिता फक्त त्या हाताकडे बघत होती. तो उचलला गेला, धुतला गेला, की शनिवार गेला.

"माझ्या पोरीवर आंदुंग," तो हळू म्हणाला. "दोन भोंग्यांवरून."

"दादा, त्याला कळलं नाही रे..."

"रोस्पिता, तू गप्प बस. तुझ्या सासरच्या बाईने गायलाय."

"गायला मी माझ्या नवऱ्यावर," नान्तिना ताडकन म्हणाली. "या पोराला रडू फुटावं म्हणून. शिव्या मला द्या, माझ्या वहिनीला नाही. सकाळपासून उभी आहे ती तुमच्यासाठी."

रोस्पिताने नणंदेकडे असं बघितलं, जसं पहिल्यांदाच बघतेय.

"मामा," गाबे म्हणाला, "चूक माझी. मला फक्त ते किती दुखतं ते सांगायचं होतं. मला माझे शब्द पुरले नाहीत."

"पुरले नाहीत म्हणून तिला मारलंस?"

"मेलेली माणसं एवढं खात नाहीत, बाबा," उली म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ती खरंच जेवत होती. तिने बरगडीचा तुकडा चाटून पुसून साफ केला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

"मी ऐकलंय ते. गाबेने जगाच्या आधी मला पाठवलं. मी त्याला कळवलं, नान्तिना मावशींचा आवाज तुझ्याहून चांगला आहे."

"आणि तुला काही वाटलं नाही? भीती नाही वाटली?"

उलीला भीती वाटली होती. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने दिवा लावून आरशात बघितलं होतं. पण दुसऱ्यांदा ऐकताना तिला वेगळंच काही कळलं, आणि ते बापाला कसं सांगावं याचा ती तेव्हापासून विचार करत होती.

"तो विलाप माझ्यावर नाही, बाबा. गाबेची जी बायको होणार होती ना, तिच्यावर आहे. ती गेली. नाताळातच गेली. मी इथे बसलेय. त्याने रडून तिला पुरली तरी. तुम्हीच तिला उचलून रोज बाजारात फिरवताय, ही बघा माझी पोर, हा बघा माझा जावई."

मांगातासने बायकोकडे पाहिलं. ती आपल्या बाजूने बोलेल अशी त्याची खात्री होती.

"खरं बोलतेय ती," मामी म्हणाली. "पण शब्द ते शब्द. पाच वाजायच्या आत तिच्या डोक्यावर तांदूळ ठेवा."

पोर तळ्यातून बुडता बुडता वाचली, तापातून उठली, की आमच्याकडे बाप तिच्या डोक्यावर चिमूटभर तांदूळ ठेवतो, म्हणजे हादरलेला जीव परत अंगात घट्ट बसतो. पण तांदूळ मुक्याने ठेवून चालत नाहीत. काय घडलं ते सगळ्यांसमोर मोठ्याने बोलावं लागतं.

रोस्पिता धावत वाटी घेऊन आली. मांगातास उठला. नाही, ताटावरून नाही. गुडघ्यांवरच सरकत लेकीसमोर गेला. त्याने तांदूळ घेतले. बोटं चिमटीत तशीच राहिली.

"काय म्हणू?" त्याने बायकोला विचारलं. इतका मोठा माणूस, गायनमंडळात ज्याच्या खर्जाने खिडक्या थरथरत, त्याचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक.

"खरं ते म्हणा."

बाहेर खरखर झाली. दूर बाजाराच्या तोंडाशी भोंगा जागा झाला, मग धक्क्याकडचा. गिटार वाजू लागली. वाऱ्याबरोबर ती कधी जवळ येई, कधी लांब जाई. 'तळ्याच्या काठाशी उभा मी...' गाबे कानांवर हात ठेवून भिंतीला टेकला. स्वतःचं गाणं पहिल्यांदा जगात जाताना असा कुणी गायक बसलेला कुणी पाहिला नसेल.

'मामाच्या लेकी, मामाच्या लेकी...'

"अहो!" मामी ओरडली.

"ही माझी मुलगी," मांगातास म्हणाला. "हिला मी... हिला मी कुणालाही दिलेली नाही. हिचा जीव हिच्या अंगात घट्ट राहो. जिकडे जायचं तिकडे जावो."

आणि तांदूळ तिच्या केसांत पडले. त्याच क्षणी वाद्यं थांबली आणि नान्तिनाचा आवाज बालिगेवर उतरला.

त्या संध्याकाळी बाजारात एकही मासा विकला गेला नाही असं सांगतात. कोळणी रडत होत्या, आणि गिऱ्हाइकांना भाव करायची लाज वाटत होती. पलीकडच्या सामोसिर बेटावरच्या घंटेकऱ्याने तर विचारपूस न करता मरणाची घंटाच वाजवून टाकली. आत घरात नान्तिना स्वतःचाच विलाप ऐकत हमसून रडली, नवऱ्यावर तेव्हा रडली होती त्याहून जास्त; आणि रोस्पिताने तिला कुशीत घेतलं.

आवाज संपायच्या आत मांगातासचा फोन वाजला. मग पुन्हा वाजला. दुकानासमोर बायका सांत्वनाचे तांदूळ डोक्यावर घेऊन जमल्या होत्या.

"अहो, कोण गेलं?" पलीकडून चर्चमधला कुणी ओरडत होता. सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

मांगातासने एकदा उलीकडे बघितलं, एकदा खिडकीतून तळ्याकडे.

"जावई," तो म्हणाला. "माझा जावई गेला. नाही, तुम्ही नाही ओळखत. मीच काय तो ओळखत होतो."

फोन ठेवून त्याने पालथ्या मुठीने डोळे पुसले.

"आता त्यालाही मारलंत," मामी म्हणाली. "ठेवा, त्याच्याही डोक्यावर ठेवा."

गाबे मामापुढे येऊन वाकला. मांगातासने मूठभर तांदूळ घेतले आणि असे ठेवले की तांदूळ कमी आणि टप्पल जास्त. पोराच्या डोळ्यांत पाणी आलं ते कशाने, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

"तू भाचा आहेस," मांगातास म्हणाला. "तेवढा राहा. ते नातं मरत नाही."

निघताना त्याने कुणाशी फार बोलणं केलं नाही. रोस्पिता दारात उभी होती. शनिवारचं विचारायला तिचं तोंड उघडेना. आत्ता विचारलं आणि नाही म्हणाला तर? मामी गाडीत बसली, उली बसली. मांगातासने एक चप्पल घातली, दुसरी हातात धरली आणि वळला.

"रोस्पिता. शनिवारी मांडवात ते गाणं वाजलं, तर मी ताटावरून उठेन. आत्ताच सांगून ठेवतो."

"नाही वाजणार, दादा."

"चुकून जरी वाजलं तरी."

गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत रोस्पिता तिथेच होती. मग ती आत पळाली, इतकी की खांबाला धडकली.

"काय म्हणाले?" नान्तिनाने नाक पुसत विचारलं. "येणार का?"

"ताटावरून उठेन म्हणाले!"

"अगं बाई! मग लामरियाचं कसं होणार?"

"वन्सं, ताटावरून!" रोस्पिताने तिचे दोन्ही हात धरले. "उठण्याआधी बसायला तर येणार ना!"